नेव्ह पेंगलीची सोडचिठ्ठी

नेव्हची गोष्ट सांगायला लागले की आमच्या गॅरटमधली माणसं घड्याळाकडे बघतात. "मर्ल, पन्नास वर्षं होऊन गेली, सोड आता," म्हणतात. मी त्याची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि त्यापायी माझी नोकरी गेलीय. तेव्हा गोष्ट मी सांगणार, आणि ज्याला घड्याळ बघायचंय त्यानं खुशाल बघावं.

गॅरट हे टास्मानियाच्या पश्चिमेचं, तांब्याच्या खाणीचं गाव. भट्टीच्या धुरानं भोवतालचे डोंगर बोडके करून टाकलेले. आमचा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन, अठरा-अठरा जणांचा, चेंडू हातानंही झेलायचा आणि एका गोलाला सहा गुण. त्याच्या मैदानावर गवताची काडी नव्हती, नुसती दाबून बसवलेली खडी. पाहुणा संघ आला की त्यांची पोरं आधी वाकून ती खडी चाचपायची आणि एकमेकांची तोंडं बघायची. आमची पोरं गुडघ्यांना, कोपरांना व्हॅसलिन फासून उतरायची आणि संध्याकाळी घरोघरच्या आया चिमटा घेऊन खडे उपसत बसायच्या. आमच्या आईवर ती वेळ कधी आली नाही, कारण नेव्ह पडायचाच नाही. दोन्ही बाजूंनी दोघं येऊन आदळले तरी हा मांजरासारखा पायांवर. उंच उडी मारून चेंडू झेलायचा, तसाच पायांवर उतरायचा, आणि समोरच्याला कळेपर्यंत वीस पावलं पुढे गेलेला असायचा. पडलं की सोलून निघतं हे सहाव्या वर्षी कळलेला मुलगा तो. त्याच्या खेळात दुसरी काही जादू नव्हती.

वडील खाणीत दरडीखाली गेले तेव्हा नेव्ह नऊ वर्षांचा होता. त्यानंतर त्याला मैदानावर नेलं क्लॅरी डनवुडीनं. क्लॅरीची गावात बेकरी होती आणि गॅरट क्लबचा तो अध्यक्ष. हसरा, गोल, हाताला कायम पीठ लागलेला माणूस. डाव्या पायानं चेंडूला लाथ कशी घालायची ते त्यानंच नेव्हला शिकवलं, पहिले बूट त्यानंच घेऊन दिले. आमच्या घरात त्याला बापाच्या जागी मानत. हे मी मुद्दाम सांगतेय. परक्यानं मान कापली असती तर मला एवढा राग आला नसता.

नेव्ह सतराचा झाला त्या वर्षी मेलबर्नहून ब्रिकफिल्ड क्लबचा सेक्रेटरी आला. रेक्स हॅलिगन त्याचं नाव. उंटाच्या रंगाचा कोट, हॅट, आणि घरात आल्यावरही ती हॅट काढायला विसरलेला. क्लॅरीनंच त्याला बेकरीच्या गाडीतून आमच्या दारात आणून सोडलं. आईनं चहाबरोबर खायला स्कोन भाजले होते. हॅलिगननं दोन खाल्ले आणि खिशातून फॉर्म काढला. नेव्ह वयानं अज्ञान, म्हणून त्याच्यासोबत आईची सही हवी होती. खाली बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं. मी वाचायला हात पुढे केला तर हा हसला.

"नेहमीचंच आहे हो, मिस पेंगली. सगळे याच्यावरच सही करतात."

"मग वाचलं तर काय बिघडेल?" मी म्हटलं.

"मर्ल!" आई म्हणाली.

"आयव्ही, कर सही," क्लॅरी आईला म्हणाला. "पोराचं नशीब दार ठोठावतंय आणि तुम्ही अक्षरं मोजत बसताय."

केली सही. त्या बारीक अक्षरांचा अर्थ आम्हाला पुढे तीन वर्षांनी कळला. नेव्ह ब्रिकफिल्डचा झाला होता. ते खेळवोत न खेळवोत, त्यांच्या पत्राशिवाय देशातल्या कुठल्याही क्लबानं त्याला मैदानात उतरवायचं नाही. कुणी उतरवलंच तर त्या क्लबाचे गुण जाणार, वर बंदी. त्या पत्राला कागदोपत्री काही भारदस्त नाव होतं. आमच्याकडे त्याला सरळ सोडचिठ्ठी म्हणत.

एकोणीसशे सहासष्टच्या हिवाळ्यात तो मेलबर्नला गेला. क्लबानं त्याला कातडी कमावण्याच्या कारखान्यात चिकटवला आणि एका विधवेच्या घरी राहायची सोय केली. दिवसभर ओली कातडी ओढायची, संध्याकाळी सराव, शनिवारी दुसऱ्या संघातून खेळायचं. पत्रात लिहायचा, "इथे गवत आहे, मर्ल. इथली पोरं मजेत पडतात." पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या संघाच्या पाच सामन्यांत त्याचं नाव लागलं. त्यातले तीन एकोणिसावा खेळाडू म्हणून, म्हणजे ओव्हरकोट घालून बाकावर बसायचं आणि कुणाची तंगडी मोडायची वाट बघायची. दोनच सामने पुरते खेळला. दुसऱ्यात त्यानं कडेनं असा काही धुडगूस घातला की मेलबर्नच्या पेपरात फोटो आला. आईनं तो कापून बायबलमध्ये ठेवला.

पुढच्या गुरुवारी प्रशिक्षकानं त्याला बोलावून घेतलं. "तू अंगावर जात नाहीस, पेंगली."

"चेंडू त्या बाजूला नव्हता, सर," नेव्ह म्हणाला.

उत्तर खरं होतं. पण त्या प्रशिक्षकाला धिप्पाड, हाडं मोडणारी पोरं हवी होती, आणि उलट उत्तर तर त्याला मुळीच खपत नसे. त्या दिवसापासून नेव्हचं नाव यादीत लागलं नाही. दुसऱ्या एका क्लबानं त्याला मागणी घातली. ब्रिकफिल्डनं नाही म्हटलं. मग नेव्ह स्वतः हॅलिगनच्या खोलीत गेला.

"खेळवत नाही तर सोडा मला."

"म्हणजे तिकडे जाऊन आमच्याच विरुद्ध खेळायला मोकळा!"

"बरं, मग घरी जाऊ द्या. गॅरटच्या खडीवरून कुणाविरुद्ध खेळणार मी?"

"तुला आज सोडलं तर उद्या दहा जण रांगेत उभे राहतील," हॅलिगन म्हणाला. "कारखान्यात जा. उशीर होतोय तुला."

अडुसष्टच्या सुरुवातीला नेव्ह पत्राशिवायच घरी आला आणि भट्टीवर कामाला लागला. विसाव्या वर्षी, अंगात घोड्यासारखी रग असताना, तो शनिवारी आमच्या क्लबाच्या पोरांना मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटायचा. मंगळवारी, गुरुवारी त्यांच्याबरोबर सराव करायचा, सगळ्यांना धापा टाकायला लावायचा, आणि शनिवारी कपडे बदलायच्या खोलीबाहेर टोपली घेऊन उभा. कप्तान होता डार्सी क्विल, शाळेपासूनचा त्याचा मित्र. तो चेष्टा करायचा, "संत्री तरी नीट काप रे, ब्रिकफिल्डच्या शेठा." नेव्ह हसायचा. तेव्हा अजून हसत होता, कारण दर आठवड्याला क्लॅरी त्याच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवून सांगायचा, "परत लिहिलंय मी त्यांना. तारही केलीय. आज ना उद्या चिठ्ठी येईल, बाळा. आम्ही काय स्वस्थ बसलोय?"

मी तेव्हा पोस्टात टेलिफोनच्या बोर्डावर होते. गावातला प्रत्येक कॉल माझ्या हाताखालून जायचा. कुणाचं काही ऐकलं तर बाहेर बोलायचं नाही अशी सरकारी शपथ घेतलेली, मोडली तर तुरुंग. आणि मी कधी मोडली नव्हती. कोण कुणाच्या नवऱ्याला फोन करतं ते मला ठाऊक होतं. पोट फुगलं, पण ओठ उघडले नाहीत. मात्र ट्रंक कॉल असला की तीन मिनिटांनी मध्ये पडून विचारावंच लागायचं, पुढे बोलणार का म्हणून. त्यासाठी काही सेकंद आधी लाईनवर यावं लागे. त्या सेकंदांत जे कानावर पडे ते पडेच.

जूनमधली गोष्ट, म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा, खेळाचा हंगाम. बुधवार, सकाळी अकराचा सुमार. मेलबर्नहून कॉल, बेकरीसाठी. घड्याळ लावलं, आणि वेळ संपत आल्यावर लाईनवर आले.

हॅलिगन म्हणत होता, "तुमच्या त्या पोराचं आणखी एक पत्र आलंय."

"येऊ दे की," क्लॅरी म्हणाला. "माझ्याकडून अर्ज गेलेला नाही आणि जाणारही नाही. तुम्ही ठेवा त्याला तसाच बांधून. हिवाळाभर भट्टीवर भाजला की येईल वठणीवर, आपण होऊन तुमच्या दारात उभा राहील. माझं म्हणणं एवढंच, ऑक्टोबरचं नक्की ना? अख्खा संघ आणणार ना गॅरटला?"

"अख्खा संघ. शब्द दिलाय ना!"

"झालं तर मग. अध्यक्ष म्हणून माझ्या कारकिर्दीत ब्रिकफिल्ड गॅरटला खेळून गेली, हे राहील माझ्यामागे."

 मी कळ दाबली.

"तीन मिनिटं झाली. पुढे बोलणार का?"

 मग क्लॅरीचा आवाज, एकदम बारीक झालेला. "कोण, मर्ल का?"

"तीन मिनिटं झाली, मिस्टर डनवुडी."

"नाही... झालं. झालं आमचं बोलणं."

अर्ज गेलाच नव्हता! पाच महिने हा माणूस माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून खोटं बोलत होता. एका सामन्यासाठी. भिंतीवर टांगायच्या एका फोटोसाठी.

अर्ध्या तासात तो पोस्टाच्या खिडकीशी हजर. हातात कागदी पिशवी, आत क्रीम बन. "मर्ल, पोरी, गरम आहेत बघ. आणि... तुमची शपथ असते ना गं? कडक असते म्हणतात."

"असते."

"छान. छान. कामाचं ठिकाण आहे, शपथ पाळलेली बरी. आणि हे बघ, मी त्याच्या भल्यासाठीच..."

"पुढचा कोण आहे?" मी त्याच्या खांद्यावरून बघत विचारलं. मागे कुणीच नव्हतं. तो गेल्यावर मी ते बन परसातल्या कोंबड्यांना घातले. बायबलवर हात ठेवून सांगते, एकाचीही चव मी घेतली नाही, आणि सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

चार दिवस मी गप्प बसले. त्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते. शनिवारी कुंपणाशी उभी राहून मी नेव्हला संत्री वाटताना बघितलं, आणि क्लॅरीला त्याच्या पाठीवर थाप मारताना बघितलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळं सांगून टाकलं. आईनं मटण-बटाटा भरलेल्या पेस्ट्या केल्या होत्या. नेव्हनं अर्धी खाल्लेली पेस्टी खाली ठेवली. उठला, बाहेर गेला, आणि आम्हाला कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. महिनाभर पुरावीत एवढी लाकडं त्यानं त्या दुपारी पावसात उभं राहून फोडली.

आई म्हणाली, "शपथ मोडलीस तू."

"मोडली."

तिनं त्याची ताटली उचलून झाकून ठेवली. "बुधवारीच का नाही मोडलीस?"

मला वाटलं होतं, नेव्ह दुसऱ्या दिवशी जाऊन बेकरीची काच फोडेल. मी तर म्हटलंही तसं. तो म्हणाला, "आता बोललो तर तुझं नाव येईल. राहू दे ऑक्टोबरपर्यंत. येऊ देत ना, मला दोघं एकाच जागी हवेत." त्यानं संत्री वाटणं बंद केलं. सरावाला जाणं बंद केलं. कामावरून आला की बोडक्या डोंगरावर पळत वर जायचा, पळत खाली यायचा. घरात आम्ही तिघंही एकमेकांशी कमी बोलायला लागलो. त्याच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जायचा. तो आवाज त्या हिवाळ्यात घरातून गेला.

ऑक्टोबरातला रविवार. ब्रिकफिल्डचा अख्खा संघ बसमधून उतरला तेव्हा सगळं गाव मैदानाभोवती होतं. रिमझिम चालूच होती. बायकांनी लाल सॉसेजं उकडून ठेवली होती, क्लॅरीनं सूट घातला होता, हॅलिगन हॅट घालून खुर्चीत. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. पंच चेंडू घेऊन मधोमध जायला निघाला, तर तिथे नेव्ह. भट्टीवरचे कपडे, खिळ्यांचे बूट. वर्तुळाच्या बरोबर मधे, ओल्या खडीवर मांडी घालून बसलेला.

आधी लोक हसले. "नेव्ह, बाजार तिकडे भरलाय!" "अरे, कुणीतरी त्याला उशी द्या!"

पंच खाली वाकला. "ऊठ बाबा. चेंडू टाकायचाय मला."

"सोडचिठ्ठी मिळाली की उठतो."

पंच गेला, कॉन्स्टेबल आला. तो नेव्हभोवती एक फेरी मारून परत पंचाकडे गेला आणि म्हणाला, "कुठला गुन्हा लावू तेच कळत नाहीये. बसलाय फक्त." पाच मिनिटं झाली, दहा झाली. ब्रिकफिल्डची पोरं थंडीनं उड्या मारायला लागली. शेवटी क्लॅरी आला आत, सूट भिजवत, मागून हॅलिगन.

"बाळा, आज नको," क्लॅरी म्हणाला. "सगळं गाव बघतंय. तुझ्यासाठी इतकं करतोय मी आणि तू..."

"काय केलंस?" नेव्ह बसल्या जागेवरून म्हणाला. जन्मात त्यानं क्लॅरीला अरेतुरे केलं नव्हतं. "सांग ना सगळ्यांना. किती अर्ज पाठवलेस ते सांग."

"हे काय बोलणं..."

"एकही नाही. उलट यांना सांगितलंस, ठेवा बांधून. भट्टीवर भाजू द्या. आजच्या सामन्यासाठी विकलंस मला. हो की नाही, एवढंच सांग."

 क्लॅरीचा चेहरा पिठासारखा झाला. मग त्यानं मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधलं, आणि कुणाला ते मला कळलं. म्हणाला, "कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? खोटं आहे. ज्यानं सांगितलं त्यानं समोर येऊन सांगावं."

त्याची खात्री होती की मी येणार नाही. तुरुंगाची भीती घालत होता तो मला, सगळ्या गावादेखत, गोड आवाजात. माझ्या डोक्यात असा जाळ उठला की कुंपण मी कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. स्कर्ट फाटला तो नंतर दिसला.

"मी सांगितलं!" मी ओरडले. "जूनमध्ये, बुधवारी अकरा वाजता, मी लाईनवर होते. तू म्हणालास आणि हा हॅटवाला म्हणाला, ते शब्द मी ऐकले. शपथ घेतली होती, मोडली. घाला मला तुरुंगात! पण याला आता तोंड वर करून सांगू दे की खोटं आहे म्हणून!"

क्लॅरी ओल्या सुटाची बाही झटकायला लागला. हॅलिगननं घड्याळ बघितलं.

डार्सी क्विलनं पंचाच्या हातातला चेंडू काढून घेतला, काखेत मारला आणि चालायला लागला. त्याच्या मागून आणखी चार पोरं गेली. अठरातली पाच. बाकीची तेरा खडीकडे बघत उभी राहिली. मला तेराही नावं पाठ आहेत, पण त्यातली बरीच आता वारली, जाऊ दे.

पाच माणसं कमी म्हणजे सामना नाही, आणि सामना नाही तर पेपरवाल्यांसमोर शोभा. हॅलिगननं खिशातून पेन काढलं, सामन्याच्या छापील पत्रकाच्या पाठीवर दोन ओळी खरडल्या, खाली सही केली आणि कागद नेव्हच्या मांडीवर टाकला. "घे. ऊठ."

नेव्हनं तो दोनदा वाचला, घडी घातली, उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच लोकांनी मघाशी उशी मागितली होती. डार्सी आणि ती चार पोरं परतली, सामना झाला. ब्रिकफिल्डनं आमचा धुव्वा उडवला, पण त्यांचे गुडघे असे सोलून निघाले की बसमध्ये चढताना पोरं कण्हत होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गुरुवारी दोन लखोटे आले. एक ब्रिकफिल्डकडून नेव्हला. सोडचिठ्ठी ठरलेल्या फॉर्मवर, शिक्क्यासह असावी लागते, सबब पत्रकावरची सही ग्राह्य नाही. शिवाय ती दबावाखाली घेतलेली. दुसरा लखोटा पोस्टाच्या वरच्या कचेरीतून पोस्टमास्तरांना, माझ्याबद्दल. तुरुंग झाला नाही, नोकरी गेली. पोस्टमास्तर बिचारे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मर्ल, मी तरी काय करणार गं?" मी कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि निघाले. सात वर्षं मी त्या बोर्डावर होते. नंतरची तीन वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी उकळल्या. क्लॅरीला कुणी काही विचारलं नाही. तो पुढे अकरा वर्षं अध्यक्ष होता.

नियमांच्या पुस्तकात एक कलम होतं. दोन सबंध हिवाळे जो कुठेच खेळला नाही, तो आपोआप मोकळा. एक हिवाळा गेला होता. हॅलिगननं निरोप धाडला, या हंगामात मुकाट्यानं परत आलास तर पहिल्या संघाचा विचार करू. नेव्हनं उत्तर दिलं नाही. एकोणसत्तरचा सबंध हिवाळा त्यानं भट्टीवर काढला, एकविसाव्या वर्षी, जे वर्ष या खेळात पुन्हा मिळत नाही. शनिवारी मैदानाकडून ओरडा ऐकू आला की तो खिडकी लावून घ्यायचा. एकदा मी त्याला न्हाणीघरात रडताना ऐकलं. दार ठोठावलं तर म्हणाला, "साबण गेलाय डोळ्यात."

सत्तर साली तो मोकळा झाला. गॅरटच्या पोरांनी घरी येऊन विनवण्या केल्या. नेव्ह म्हणाला, "क्लॅरी अध्यक्ष असेपर्यंत नाही," आणि तीस मैलांवरच्या टेलर्स फ्लॅट गावाच्या क्लबाकडून नाव नोंदवलं. आमच्याकडे टेलर्स फ्लॅटचं नाव निघालं की लोक थुंकायचे. मेच्या अखेरीला तो त्यांच्या जर्सीत आमच्या खडीवर उतरला तेव्हा ज्या गावानं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या त्यानंच "गद्दार" म्हणून बोंब ठोकली. माझ्या शेजारी उभ्या बाईच्या हातात सॉस लावलेलं सॉसेज होतं. ती ओरडली, "मेलबर्नवाल्यांनी हाकलला म्हणून तिकडे गेला!" मी ते सॉसेज तिच्या हातून घेतलं आणि तिच्याच पर्समध्ये टाकलं. आईनं माझा दंड धरला होता, पण मला आवरायला नव्हे. बहुतेक टेकू म्हणून.

नेव्ह गंजला होता. पहिल्या पाव भागात दोनदा चेंडू हातून निसटला. तिसऱ्यांदा दोघं त्याच्यावर चालून आले, एक मागून, एक पुढून, आणि नेव्ह पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खडीवर लांब घसरत गेला. उठला तेव्हा एका मांडीची कातडी गेलेली होती. तो तसाच पळाला. त्या दिवशी त्यानं सात गोल मारले आणि प्रत्येक गोलनंतर अध्यक्षांच्या खुर्चीकडे न बघता परत जागेवर जाऊन उभा राहिला. टेलर्स फ्लॅट एकतीस गुणांनी जिंकलं. क्लॅरी हात पुढे करून मैदानात आला. नेव्ह त्याच्या बाजूनं चालत गेला, पाव विकत घ्यायच्या रांगेतून माणूस जातो तसा. संध्याकाळी आईनं चिमटा शोधला.

नऊ हिवाळे तो टेलर्स फ्लॅटकडून खेळला. तिथेच लग्न केलं, तिथल्या खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पाळणा चालवायची नोकरी केली, दोन मुली झाल्या. हसू परत आलं त्याचं, सावकाश. लोक म्हणतात, बरं चाललं की त्याचं सगळं. चाललं. पण तो मेलबर्नच्या गवतावर दहा वर्षं खेळायच्या लायकीचा होता, आणि खेळला दोन दिवस. त्याची भरपाई कुणी केली?

गेल्या वर्षी ब्रिकफिल्डकडून जुन्या खेळाडूंच्या जेवणाचं आमंत्रण आलं. कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलेलं, 'एकदा ब्रिकफिल्डचा, तो कायमचा ब्रिकफिल्डचा.' मी वाचलं आणि माझे कान तापले. नेव्ह मात्र इतका हसला की त्याला खोकला आला.

"जाणार आहे मी," म्हणाला.

"काय म्हणालास?"

"अगं, भाजलेलं कोकरू असतं म्हणे. आणि हॅलिगन मरून तीस वर्षं झाली, मर्ल. आता कुणावर रागावू?"

"मी आहे ना रागवायला!"

"तू आहेसच," तो म्हणाला. "म्हणून तर मला जाता येतंय."

गेला. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. परत आला तो एक जाडजूड पुस्तिका घेऊन. क्लबाकडून खेळलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात छापलंय. त्यातही यांनी घाण केलीच. 'एन. पिंगली, दोन सामने.' साध्या नावातही चूक, आणि बाकावर बसवलेले तीन सामने मोजलेच नाहीत. ओव्हरकोट घालून जो थंडीत बसला तो काय ह्यांचा काका होता?

नेव्ह म्हणाला, असू दे. मी त्याच दिवशी त्यांना पत्र टाकलं. पेंगली, पाच सामने, आणि दुरुस्त करून नवीन प्रत पाठवा. तीन महिने उत्तर नाही. मग दुसरं टाकलं. परवा तिसरं टाकलंय, या वेळी रजिस्टर करून.